न दुखणारे दुखणे : उच्च रक्तदाब

माझे थोरले चुलते रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. आम्ही सारे त्यांना तात्या म्हणत असू. अंगापिंडाने मजबूत, सर्दी-पडशाने कधी अंथरूण न धरलेला माणूस. कामावरच्या वार्षिक तपासणीत त्यांचा रक्तदाब वाढलेला निघाला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मीठ कमी करायला सांगितले. दोन-तीन महिने तात्यांनी गोळ्या नेमाने घेतल्या. पुन्हा तपासले तेव्हा रक्तदाब उतरलेला होता. "आता बरा झालो," असे म्हणून त्यांनी गोळ्या बंद केल्या. त्रास असा त्यांना काही नव्हताच. गोळी सुरू करण्याआधी नव्हता, सोडल्यावरही नव्हता. पुढे दीड वर्षाने एका पहाटे मोरीत तोंड धुताना त्यांच्या हातातून तांब्या गळून पडला, तोंड वाकडे झाले आणि उजवे अंग गेले. त्या वेळी त्यांचे वय ५१ होते. त्यानंतर ते नऊ वर्षे जगले. पण पुन्हा कामावर गेले नाहीत आणि त्यांना पुरते वाक्य कधी बोलता आले नाही. माझ्या चुलत बहिणीने बारावीनंतर शिक्षण सोडून नोकरी धरली. काकी आजही म्हणतात, "त्यांना तर काहीच होत नव्हतं रे!"

काकींचे हे वाक्य आपल्या कितीतरी घरांत ऐकू येते. दुखत नाही म्हणजे आजार नाही, हा आपला समज आहे आणि पुष्कळ आजारांच्या बाबतीत तो चालूनही जातो. उच्च रक्तदाबाच्या बाबतीत मात्र हाच समज माणसाचा घात करतो. म्हणून हा आजार काय आहे, तो कसा ओळखावा आणि ताब्यात कसा ठेवावा, हे साध्या भाषेत सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

रक्तदाब म्हणजे काय?

आपले हृदय हा एक पंप आहे. तो मिनिटाला साधारण ७० वेळा, म्हणजे दिवसाला सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावतो. माणूस स्वस्थ बसलेला असतानाही दर मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त हृदयातून बाहेर पडते. हे रक्त ज्या नळ्यांतून शरीरभर जाते त्यांना रोहिण्या म्हणतात. वाहणाऱ्या रक्ताचा रोहिणीच्या भिंतीवर जो दाब पडतो, तो रक्तदाब. म्हणजे रक्तदाब हा आजार नव्हे. तो प्रत्येकाला असतो आणि असायलाच हवा. तो नसेल तर मेंदूपर्यंत रक्त चढणार नाही. तो प्रमाणाबाहेर वाढला आणि वाढलेलाच राहिला, तर त्याला उच्च रक्तदाब म्हणतात.

आपल्या चाळीतल्या किंवा इमारतीतल्या पाण्याच्या पंपाचे उदाहरण घेऊ. पंप चालू झाला की नळाला जोर येतो, थांबला की जोर कमी होतो. तरी पाइपात थोडे पाणी दाबाखाली असतेच. हृदयाचेही तसेच आहे. ते आकुंचन पावते तेव्हाचा दाब हा वरचा आकडा आणि दोन ठोक्यांच्या मध्ये ते सैल पडते तेव्हाचा दाब हा खालचा आकडा. डॉक्टर "१२० बाय ८०" म्हणतात ते हेच. हे आकडे म्हणजे पाऱ्याचा स्तंभ त्या दाबाने किती मिलिमीटर वर चढेल याचे माप आहे.

रक्तदाब मोजण्याची सुरुवात इंग्लंडमध्ये झाली. स्टीफन हेल्स या धर्मोपदेशकाने घोडीच्या रोहिणीत नळी घालून रक्त काचेच्या नळीत किती उंच चढते ते पाहिले आणि १७३३ साली ते प्रसिद्ध केले. माणसाच्या बाबतीत असे करणे शक्य नव्हते. १८९६ साली इटलीतील रिव्हा-रोची यांनी दंडाला हवेचा पट्टा बांधून, शिरेला धक्का न लावता दाब मोजण्याची युक्ती काढली. १९०५ साली रशियन डॉक्टर निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी पट्ट्याखाली स्टेथोस्कोप लावून आवाज ऐकण्याची पद्धत सांगितली आणि त्यामुळे खालचा आकडाही नेमका कळू लागला. आज गावचे डॉक्टर दंडाला पट्टा बांधून कानाला नळी लावतात, ती हीच पद्धत होय.

किती म्हणजे जास्त?

प्रौढ माणसाचा रक्तदाब १२०/८० च्या आसपास किंवा त्याहून थोडा कमी असणे चांगले. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही वरचा आकडा १४० किंवा अधिक, अथवा खालचा आकडा ९० किंवा अधिक येत असेल, तर तो उच्च रक्तदाब समजतात. दोन्ही आकडे वाढलेले असलेच पाहिजेत असे नाही. एक वाढलेला असला तरी पुरे. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१७ साली ही मर्यादा १३०/८० वर आणली. आपल्याकडे निदानासाठी सर्वसाधारणपणे १४०/९० हीच मर्यादा धरतात. तरीही १३० ते १३९ मध्ये असणाऱ्याने "मला काही नाही" असे न मानता सावध व्हावे, एवढा बोध त्यातून नक्की घ्यावा.

येथे एक जुना गैरसमज दूर केला पाहिजे. "वय अधिक शंभर" असा एक हिशेब आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी असतो. म्हणजे साठीच्या माणसाचा वरचा आकडा १६० असला तरी चालतो, असे समजले जाते. हे चूक आहे. वयाबरोबर रक्तदाब वाढताना दिसतो हे खरे, पण त्यामुळे तो निरुपद्रवी ठरत नाही. १६० हा आकडा साठीतही धोक्याचाच असतो.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने देशभर झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत २० वर्षांवरील सुमारे ३५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब असल्याचे आढळले. म्हणजे तिघांत एक. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ साली जगातील ३० ते ७९ या वयोगटातील जवळजवळ १२८ कोटी लोकांना हा आजार होता आणि त्यांतील निम्म्याच्या आसपास लोकांना तो आपल्याला आहे हे ठाऊकही नव्हते. हे कळायला दुखण्याची वाट पाहून उपयोग नाही, ते मोजूनच कळते.

तो का वाढतो?

शंभरातील ९० हून अधिक रुग्णांत असे एकच एक कारण सापडत नाही. आई-वडिलांना हा आजार असणे, वाढते वय, जास्त मीठ, वाढलेले वजन, बैठे काम, दारू, अपुरी झोप आणि सततचा मानसिक ताण, अशी अनेक कारणे एकत्र येतात. उरलेल्या थोड्या रुग्णांत मूत्रपिंडाचा विकार, ग्रंथींचे आजार किंवा झोपेत श्वास अडकण्याचा विकार असे निश्चित कारण सापडते. विशेषतः तिशीच्या आतच रक्तदाब फार वाढलेला असेल तर हे कारण शोधावेच लागते.

काही औषधांनीही रक्तदाब वाढतो. गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणून रोज खाल्ल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्या, चोंदलेले नाक मोकळे करणाऱ्या सर्दीच्या काही गोळ्या आणि काही संततिप्रतिबंधक गोळ्या यांचा त्यात समावेश होतो. खोकल्यासाठी रोज मोठ्या प्रमाणात चघळलेला ज्येष्ठमधदेखील रक्तदाब वाढवू शकतो. "आयुर्वेदिक आहे, अपाय नाही" असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

मिश्री, तंबाखू, गुटखा आणि विडी-सिगारेट यांतील निकोटिनमुळे रक्तदाब लगेच चढतो. शिवाय विडी-सिगारेटच्या धुराने रोहिण्यांच्या आतल्या अस्तराला इजा होते. उच्च रक्तदाब आणि तंबाखू एकत्र आले की हृदयविकाराचा धोका कितीतरी वाढतो.

आत काय घडते?

पाइपात सतत जास्त जोराने पाणी सोडले तर पाइप लगेच फुटत नाही. आधी सांधे ढिले होतात, आतून गंज धरतो आणि एखाद्या दिवशी नेमका कमकुवत जागी तो फुटतो. रोहिण्यांचेही असेच होते. वाढलेल्या दाबाने त्यांच्या भिंती जाड आणि ताठ होतात, आत चरबीचे थर बसतात. मेंदूतील रोहिणी बंद पडली किंवा फुटली की अर्धांगवायू होतो. हृदयाला रक्त पुरवणारी रोहिणी बंद पडली की हृदयविकाराचा झटका येतो. जास्त दाबाविरुद्ध वर्षानुवर्षे काम करून हृदयाचा स्नायू आधी जाड होतो आणि मग थकतो. माणसाला चार पायऱ्या चढताना दम लागतो. मूत्रपिंडांतील सूक्ष्म जाळ्या निकामी होतात आणि शेवटी डायलिसिसची वेळ येते. डोळ्यांच्या पडद्यावरील बारीक रक्तवाहिन्या खराब होऊन दृष्टी जाऊ शकते.

हे सारे घडत असताना रुग्णाला बहुधा काहीही जाणवत नाही. डोके दुखले, चक्कर आली, राग आला म्हणजेच "बी. पी. वाढले" असे आपण म्हणतो. पण बहुतेक डोकेदुखींचा रक्तदाबाशी संबंध नसतो आणि बहुतेक उच्च रक्तदाबाच्या रुग्णांचे डोके दुखत नाही. शांत स्वभावाच्या, सडसडीत माणसालाही हा आजार होतो.

औषध नव्हते तेव्हा

आज गोळीचा कंटाळा करणाऱ्यांनी गोळी नव्हती तो काळ आठवावा. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा रक्तदाब मार्च १९४४ मध्ये १८६/१०८ होता. जगातील सर्वांत सामर्थ्यवान देशाचा प्रमुख, हाताशी उत्तमोत्तम डॉक्टर. पण त्यांच्याजवळ बिनमिठाचे जेवण, विश्रांती, हृदयासाठी डिजिटॅलिस आणि गुंगीचे औषध यापलीकडे फारसे काही नव्हते. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन रूझवेल्ट वारले. त्या दिवशी त्यांचा रक्तदाब ३००/१९० च्याही वर गेला होता. वय अवघे ६३.

या आजारावरील सुरुवातीच्या परिणामकारक औषधांपैकी एकाचा इतिहास आपल्या मुंबईशी जोडलेला आहे. सर्पगंधा ही वनस्पती आपल्या वैद्यांना पूर्वीपासून माहीत होती. कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली तिच्या रक्तदाब उतरवण्याच्या गुणाविषयी लिहिले होते. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी आपल्या रुग्णांवर तिचा पद्धतशीर अभ्यास केला आणि १९४९ साली तो ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केला. तेव्हा जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. डॉ. वकील यांना १९५७ साली अमेरिकेतील लास्कर पुरस्काराने गौरवण्यात आले. रेसर्पिनने काही रुग्णांना मनाची उदासी येत असे. पुढे अधिक सुरक्षित औषधे आली आणि त्याचा वापर मागे पडला. म्हणून आज कोणी सर्पगंधेची पूड आणून घरच्या घरी घेऊ नये. परंतु हा आजार औषधाने ताब्यात येऊ शकतो, हे जगाला पटवण्यात मुंबईच्या एका डॉक्टरांचा वाटा आहे, हे आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असावे.

औषधाने आकडा उतरतो, पण आयुष्य वाचते का, हा प्रश्न पुढे आला. १९६७ साली अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून त्याचे उत्तर मिळाले. काही रुग्णांना खरी औषधे आणि काहींना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधी गोळ्या देऊन पाहिल्या. अर्धांगवायू आणि इतर गंभीर आघात दुसऱ्या गटात कितीतरी जास्त झाले. त्यानंतर अशा शेकडो चाचण्या झाल्या. २०१६ साली त्यांपैकी १२३ चाचण्यांचा एकत्र हिशेब मांडण्यात आला. वरचा आकडा १० ने उतरवला तर अर्धांगवायूचा धोका सुमारे २७ टक्क्यांनी कमी होतो, असे त्यातून दिसले. रूझवेल्ट यांना जे मिळाले नाही, ते आज आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळते.

रक्तदाब कसा मोजावा?

मोजण्यात चूक झाली की पुढचे सारेच चुकते. दवाखान्यात घाईघाईने, जिना चढून आल्या आल्या मोजलेला आकडा खरा धरू नये. पुढील गोष्टी पाळाव्यात.

१) मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू घेऊ नये. लघवीला जाऊन यावे.

२) पाठीला टेकू देऊन पाच मिनिटे शांत बसावे. पाय जमिनीवर टेकलेले असावेत, पायावर पाय टाकू नये.

३) हात टेबलावर, हृदयाच्या पातळीत ठेवावा. पट्टा उघड्या दंडावर बांधावा. जाड बाहीवर नको. जाड दंडाला लहान पट्टा बांधल्यास आकडा खोटा जास्त येतो.

४) मोजताना बोलू नये.

५) एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजावे आणि दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहावेत. पहिल्या वेळी दोन्ही हातांचा दाब मोजावा. पुढे ज्या हाताचा आकडा जास्त आला तोच हात वापरावा.

काहींचा दाब डॉक्टर दिसले की वाढतो आणि घरी ठीक असतो. काहींचे उलट असते. म्हणून शक्य असेल तर घरी मोजावे. त्यासाठी दंडाला बांधायचे यंत्र घ्यावे. मनगटाचे यंत्र तितके भरवशाचे नसते. चार-पाच घरांनी मिळून एक यंत्र घेतले तरी चालेल. घरी मोजलेला आकडा सातत्याने १३५/८५ किंवा त्याहून अधिक येत असेल तर डॉक्टरांना दाखवावे.

ताटातले मीठ

जागतिक आरोग्य संघटनेने माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितले आहे. म्हणजे दिवसभराच्या सगळ्या जेवणाखाण्यात मिळून चहाचा एक सपाट चमचा. आपण भारतीय सरासरी ८ ग्रॅमच्या आसपास खातो.

हे जास्तीचे मीठ येते कोठून? भाजी-आमटीत तर ते असतेच. त्याशिवाय भाकरीच्या पिठात, भाताच्या आधणात आणि पुन्हा ताटाच्या कडेला चिमूटभर. त्यावर लोणचे, पापड, सांडगे, लसणीची चटणी. कोकणच्या माणसाला सुकट, सुके बोंबील आणि खारा बांगडा. मुलांना शेव, फरसाण, वेफर्स. बाजारच्या पावातही मीठ असते. आंबट ढेकर आले म्हणून पाण्यात घालून घेतलेला सोडा हाही सोडियमच. सैंधव किंवा काळे मीठ वापरले म्हणजे सुटलो, असेही नाही. त्यातही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असते.

एकदम बिनमिठाचे जेवण कोणालाच जात नाही आणि चार दिवसांत घरात भांडण होते. त्यापेक्षा भाकरी आणि भात बिनमिठाचे करावेत, कारण भाजीबरोबर ते कळतही नाही. मिठाची बरणी जेवताना जवळ ठेवू नये. सुकी मासळी करायची तर पाण्यात भिजवून, दोन-तीनदा पाणी बदलून करावी आणि क्वचितच करावी. लिंबू, कोकम, चिंच, आले, लसूण, कोथिंबीर यांनी चव आणावी. दोन-तीन आठवड्यांत जिभेला कमी मिठाची सवय होते. आणि हा बदल साऱ्या घराने एकत्र करावा; आजाऱ्यासाठी वेगळे भांडे चढवायला लागले की ते फार दिवस चालत नाही.

बाजारात सोडियम कमी करून पोटॅशियम घातलेले मीठ मिळते. चीनमधील ६०० खेड्यांत झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत अशा मिठाने अर्धांगवायूचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी झाले. मात्र ज्यांची मूत्रपिंडे कमजोर आहेत किंवा जे रक्तदाबाची काही विशिष्ट औषधे घेतात, त्यांच्या रक्तात पोटॅशियम धोकादायकरीत्या वाढू शकते. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मीठ सुरू करू नये.

मिठाबरोबर आणखी चार गोष्टी आहेत. पालेभाज्या, फळे, डाळी, ताक यांचे प्रमाण वाढवावे. ताकात मीठ घालू नये. वजन जास्त असेल तर उतरवावे. साधारण एक किलो वजन उतरले की वरचा आकडा एकाने उतरतो. आठवड्यातून पाच दिवस निदान अर्धा तास भरभर चालावे. दारू सोडावी. एवढ्याने सौम्य रक्तदाब पुष्कळ वेळा ताब्यात येतो आणि औषध लागलेच तरी ते कमी लागते.

गोळीविषयी नेहमीचे प्रश्न

"एकदा गोळी सुरू झाली की जन्मभर सुटत नाही, मग सुरूच कशाला करायची?" हा प्रश्न मला शिबिरात हमखास विचारला जातो. जन्मभर सुटत नाही तो आजार, गोळी नव्हे. चष्मा लावला की अक्षर स्पष्ट दिसते, म्हणून कोणी चष्मा फेकून देत नाही. गोळीने आकडा १२८/८० आला याचा अर्थ गोळी काम करते आहे. आजार गेला असा त्याचा अर्थ नव्हे. तात्यांचा घात येथेच झाला. वजन व मीठ बरेच कमी केल्यावर काहींची गोळी कमी होते, क्वचित थांबतेही. पण ते डॉक्टरांनी ठरवायचे.

"गोळीने मूत्रपिंड खराब होते म्हणतात." मूत्रपिंड खराब होते ते बहुतेक वेळा ताब्यात न ठेवलेल्या रक्तदाबाने. दुष्परिणाम प्रत्येक औषधाचे असतात. ॲम्लोडिपिनने काहींच्या पायांच्या घोट्यांना सूज येते, एनालाप्रिलने काहींना कोरडा खोकला होतो, लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी क्षार कमी होऊ शकतात. असा त्रास झाला तर गोळी बंद करून घरी बसू नये. डॉक्टरांना सांगावे, ते दुसरी गोळी देतात.

"माझ्या भावाची गोळी मला चालेल का?" नाही. मधुमेह, दमा, मूत्रपिंडाचा विकार, गर्भारपण यांनुसार औषध बदलते. टेल्मिसार्टन किंवा एनालाप्रिल यांसारख्या गोळ्या गर्भवतीला देत नाहीत. गर्भारपणात, विशेषतः पाचव्या महिन्यानंतर, रक्तदाब अचानक वाढून आई आणि मूल दोघांनाही धोका होऊ शकतो. म्हणून प्रत्येक तपासणीत तो मोजून घ्यावा.

"गोळी विसरली तर?" आठवेल तेव्हा त्याच दिवशी घ्यावी, दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. रात्रपाळी करणाऱ्यांची गोळी फार चुकते. त्यांनी गोळीची सांगड घड्याळाशी न घालता एखाद्या रोजच्या कामाशी घालावी. उठल्यावर तोंड धुतले की गोळी, असा नेम करावा. गावी जाताना पुरेशा गोळ्या बरोबर न्याव्यात. लग्नसराईत आणि सणासुदीला गोळ्या संपून खंड पडतो आणि तो पुढे तसाच राहतो.

केंद्र आणि राज्य सरकारांनी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व जागतिक आरोग्य संघटना यांच्यासह २०१७ साली उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक उपक्रम सुरू केला. महाराष्ट्रात त्याच्या पहिल्या टप्प्यात सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे होते. ठरावीक मोजक्या गोळ्या, एका वेळी महिन्याभराचे औषध आणि कोण परत आला नाही याची नोंद ठेवून त्याला पुन्हा बोलावणे, एवढ्या साध्या गोष्टींवर तो उभा आहे. आपल्या घरातही हीच पद्धत लागू करता येते.

तातडी केव्हा?

आकडा १८०/१२० च्या वर गेला आणि त्याबरोबर छातीत दुखणे, दम लागणे, दृष्टी अंधुक होणे, गोंधळल्यासारखे बोलणे यांपैकी काही असेल तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. तोंड एका बाजूला वाकडे होणे, एक हात वर न उठणे, बोलणे अडखळणे ही अर्धांगवायूची लक्षणे होत. रक्ताची गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते. म्हणून कांदा हुंगवणे, तेल चोळणे, उतारा काढणे यांत एक मिनिटही घालवू नये. १०८ क्रमांकावर फोन करावा आणि लक्षणे किती वाजता सुरू झाली ते लक्षात ठेवावे. जिभेखाली गोळी फोडून रक्तदाब झटकन उतरवण्याचा प्रकार पूर्वी चालत असे. तो धोक्याचा आहे, घरी करू नये.

विद्यार्थ्यांसाठी एक काम

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला हा आजार आज बहुधा नसेल. पण तुमच्या घरात तो असण्याचा संभव मोठा आहे. वडिलांना "मला काही होत नाही" म्हणायची सवय असते. आई तर सर्वांचे झाल्यावर जेवते आणि सर्वांचे झाल्यावरच स्वतःची तपासणी करते, म्हणजे करतच नाही. तुम्ही एक वही घ्या. पहिल्या पानावर घरातील ३० वर्षांवरील प्रत्येकाचे नाव लिहा. या महिन्यात प्रत्येकाचा रक्तदाब जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा शिबिरात मोजून त्यापुढे तारीख आणि दोन आकडे लिहा. ज्याचा आकडा ठीक असेल त्याचा वर्षातून एकदा आणि ज्याला गोळी चालू असेल त्याचा डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे, साधारण महिन्याने, पुन्हा मोजा. गोळ्यांची पट्टी संपायला आठ दिवस उरले की आठवण करण्याचे काम तुमचे.

आमच्या घरात अशी वही असती तर तात्यांच्या नावापुढे शेवटची नोंद कधी झाली, हे कोणाच्या तरी नजरेस पडले असते. माझ्या चुलत बहिणीने पुढे नोकरी करत रात्रीच्या कॉलेजातून पदवी घेतली. आता तिच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी दोरीला बांधलेली एक वही लटकते. काकींचा रक्तदाब वाढलेला आहे, हे त्या वहीमुळेच कळले. त्यांना काहीच होत नव्हते. गेली अकरा वर्षे त्या रोज सकाळी तोंड धुतल्यावर एक गोळी घेतात.